अडीच वर्षांचं गिऱ्हाईक

४ मार्च, मंगळवार

ठकीला लस द्यायला नेलं होतं. लस राहिली बाजूला, त्या काडी डॉक्टरने पोरीला काट्यावर उभं केलं आणि चेहरा पाडून बसला. म्हणे वयाच्या मानाने वजन फारच जास्त आहे. जिना चढताना धाप लागते, झोपेत घोरते, हे बरं नाही म्हणे. घोरण्याचं त्याला कुणी सांगितलं? बायकोने. घरातलं बाहेर सांगायची हिला भारी हौस.

माझी ठकी अडीच वर्षांची आहे आणि गुटगुटीत आहे. ज्याच्या शर्टात आणखी एक डॉक्टर मावेल त्याने दुसऱ्याच्या लेकराला नावं ठेवू नयेत.

पुढे तर कमालच. औषध नाही, टॉनिक नाही. एक प्रोग्रॅम आहे. आरोग्य केंद्रातली एक बाई दर मंगळवारी घरी येणार आणि शिकवणार. कुणाला? आम्हाला! वजन पोरीचं आणि शिकवणी आई-बापाला. या वयात घराच्या सवयी बदलल्या तर मूल आपोआप वळणावर येतं, पुढे फार जड जातं, असं काडी म्हणाला. बायकोने मला न विचारता हो म्हणून टाकलं. येताना गाडीत डोळे पुसत होती. ठकी मागे झोपली होती आणि घोरत होती. आवाज थोडा मोठा आहे, हे खरं.

मी ठरवलंय. सूत्रं माझ्या हातात. इतकी वर्षं सोफे विकतोय, एक मूल वळणावर आणायला मला बाईची गरज नाही. आजपासून घरात गोड बंद.

क्रीम बिस्किटांचा पुडा उघडा होता, सादळला असता. मी आणि ठकीने संपवला. उद्यापासून बंद.

११ मार्च, मंगळवार, संध्याकाळी

बाई आली. पायात बूट, नाकात सर्दी, खांद्याला पिशवी आणि पिशवीत प्लॅस्टिकच्या चिमुकल्या वाट्या. मी तिचं नाव वाटीवाली ठेवलं. आल्या आल्या घर बघत सुटली, विकत घ्यायला आल्यासारखी. बिस्किटांचा डबा कुठल्या फळीवर असतो. जेवताना टीव्ही चालू असतो का. ठकी जेवते कुठे.

मी अभिमानाने रिक्लायनर दाखवला. शोरूमचा डिस्प्ले पीस, हाताला जरा उसवला म्हणून मला मिळाला. बटण दाबलं की पाय वर येतात. ठकी त्यात पसरून कार्टून बघते आणि घास कधी गेला ते तिला कळतसुद्धा नाही. वाटीवाली म्हणाली, हं. मग बसून बघते म्हणाली आणि भलतंच बटण दाबून आडवी झाली. तिला उठवायला आम्ही दोघं लागलो. असले लोक आम्हाला शिकवणार.

भरवतं कोण, असं विचारलं. मी म्हटलं, आई. बायको माझ्याकडे बघत राहिली. बरं, संध्याकाळी मी भरवतो. सकाळी पण. रविवारी दुपारी पण.

मग तिने तिचा महान नियम सांगितला. काय द्यायचं आणि केव्हा द्यायचं ते आई-बापाने ठरवायचं, किती खायचं ते मुलीने. मी हसलो. जिला डावी चप्पल कुठली ते कळत नाही तिला म्हणे स्वतःचं पोट कळणार. वाटीवाली शिंकली आणि म्हणाली, कळतं, आणि ती ते सांगतेही, आपण फक्त तिच्याकडे बघायचं.

बघायचं म्हणे. मी जन्मभर दुसरं काय केलंय? गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हाच मला समजतं, हा घेणार की नुसता टेकून पाय मोकळे करणार. आणि शिकलेल्या लोकांना एक गोष्ट कधी कळत नाही. गिऱ्हाईक नको म्हणतं तेव्हा खरी विक्री सुरू होते. तोवर नुसत्या गप्पा असतात.

१२ मार्च, बुधवार

ठकीने गाजर खाल्लं. नोंद करून ठेवतो, कारण या घरात माझं श्रेय मला कुणी देणार नाही.

पद्धत: कॉम्बो ऑफर. गाजराच्या एका फोडीवर अर्धं बिस्किट फ्री. तिने तोंड फिरवलं. ऑफर वाढवली, फोडीवर अख्खं बिस्किट. डील क्लोज. शेवटी गाजर संपलं आणि बिस्किटं उरली, तीही देऊन टाकली. शब्द म्हणजे शब्द.

बायको म्हणते अशाने ठकीला एवढंच कळलं की गाजर ही शिक्षा आणि बिस्किट हे बक्षीस. हे तिचं वाक्य नाही, वाटीवालीने डोक्यात भरवलेलं आहे. एका भेटीत बायको फितवली.

१६ मार्च, रविवार

ठकीला बागेत नेलं. वरच्या मजल्यावरचा सायकलवाला तिथे होताच. त्याचाही मुलगा याच प्रोग्रॅममध्ये आहे. हा माणूस दूध आणायलासुद्धा हेल्मेट घालून जातो. घोट्याएवढा दंड, आणि त्यावर घट्ट टी-शर्ट.

ठकी घसरगुंडीच्या पायऱ्या चढायला लागली. मध्येच थांबली, बसली, धापा टाकत म्हणाली बाबा घे. मागे पोरांची रांग. एक पोरगं ओरडलं, ए जाडी, सरक. त्याचे आई-बाप बाकावर बसून मोबाईल बघत होते. मला भयंकर राग आला. शाळेत मला ड्रम म्हणायचे. मी कधी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. मी ठकीला उचलून थेट वर नेऊन बसवलं. खाली घसरली, हसली. मग परत पायऱ्यांकडे गेलीच नाही. वाळूत बसून राहिली.

तिला वाईट वाटू नये म्हणून आईस्क्रीम घेतलं. हे प्रोग्रॅमच्या बाहेरचं आहे, भावनिक कारण होतं. मीही घेतलं, तिला एकटं वाटू नये म्हणून. सायकलवाल्याच्या मुलाने काकडी खाल्ली. त्या पोराची मला दया येते.

१८ मार्च, मंगळवार

वाटीवाली. आज नवे नियम. तिघांनी एकत्र टेबलाशी बसायचं, तिघांच्या ताटात एकच जेवण, टीव्ही बंद. बिस्किटं, वेफर्स, ज्यूस घरातून बाहेर. मुलं सांगितलेलं करत नाहीत, बघितलेलं करतात, असं म्हणाली आणि हे म्हणताना माझ्या पोटाकडे बघितलं. मला तसं वाटलं. बायको म्हणते ती घड्याळाकडे बघत होती. घड्याळ माझ्या मागे आहे, पोटाच्या उंचीवर नाही.

तिने आम्हा दोघांनाही काट्यावर उभं राहायला सांगितलं, नोंदीसाठी. बायको राहिली. मी म्हटलं आमच्याकडची फरशी उतरती आहे, काटा चुकतो.

तरी मी कोतं मन दाखवलं नाही. तिच्यादेखत सगळी बिस्किटं, सगळे वेफर्स पिशवीत भरून घराबाहेर काढले. बायकोच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी बरं वाटल्यासारखं दिसलं.

पिशवी गाडीच्या डिकीत आहे. फेकणं म्हणजे अन्नाचा अपमान.

२१ मार्च, शुक्रवार

व्यायाम सुरू केला. रोज संध्याकाळी मी आणि ठकी वॉकला जातो. जिना उतरायचा, अंगण ओलांडायचं, गाडीपर्यंत. गाडीत थोडी विश्रांती. परत अंगण, परत जिना. एवढ्याशा पोरीला हे पुष्कळ झालं. येताना मी कडेवर घेतो, पहिल्या आठवड्यात ओव्हरडू करू नये.

ठकीला वॉक फार आवडतो. चार वाजल्यापासून माझे बूट घेऊन दारात उभी असते. बायकोला भरून आलं. म्हणाली, तुम्ही एवढं मनावर घ्याल असं वाटलं नव्हतं. मी म्हटलं, एकदा ठरवलं की ठरवलं. हे म्हणताना शर्टावरचा चुरा झटकला.

२५ मार्च, मंगळवार

ठकीचं वजन वाढलं. वाटीवालीचा काटा स्वस्तातला आहे, पिशवीत आपटून आपटून बिघडलेला. शिवाय ठकीच्या अंगात जाड फ्रॉक होता. केसही ओले होते. मी तिन्ही मुद्दे शांतपणे मांडले. वाटीवाली म्हणाली, एका वजनाने काही ठरत नाही, धीर धरू. म्हणजे तिलाही पटलं.

मग उगाचच ठकीशी गप्पा मारत बसली. बाबांबरोबर कुठे जातेस? ठकी म्हणाली, गाडीत. गाडीत काय करता? ठकी म्हणाली, खाऊ खातो, मग तोंड पुसतो, मग आईला नाही सांगत.

लहान मुलांना कल्पनाशक्ती फार असते, असं मी म्हटलं. बायकोने गाडीची किल्ली मागितली, खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. वाटीवाली वाट्या पुसत बसली होती. पुसलेल्याच वाट्या परत पुसत होती. काही बायकांना कामाचा आव आणायची सवयच असते.

बायको रात्री जेवताना फक्त ठकीशी बोलली. मला एवढंच म्हणाली की तिचा श्वास अडकतो तेव्हा मी जागी असते, तुम्ही नसता. अन्याय आहे. मी दिवसभर उभा असतो. झोप गाढ लागणारच.

१ एप्रिल, मंगळवार

आनंदाची बातमी. वाटीवालीने गृहपाठ दिला. फोन कपाटावर ठेवून एका जेवणाचा व्हिडिओ काढायचा. सहज, रोजच्यासारखा, कुणासाठी काही वेगळं करायचं नाही, असं चारदा बजावलं. बायका बजावतात त्याचा अर्थ उलट असतो.

गाडीच्या प्रकरणानंतर माझी बाजू मांडायची संधी आलीय. असा व्हिडिओ काढतो की केंद्रात फ्रेम करून लावतील. सायकलवाल्यालाही हाच गृहपाठ आहे. त्याच्याकडे जेवायला घडीचं टेबल आहे. प्लॅस्टिकचं.

६ एप्रिल, रविवार

शूटिंग फत्ते.

शोरूममधून सहा खुर्च्यांचं डायनिंग आणलं, ट्रायलवर. मालकांना सांगितलं गिऱ्हाईक बडं आहे. रिक्लायनर बाल्कनीत ढकलला. टीव्हीवर चादर टाकली. ठकीला पांढरा फ्रॉक. मेनू: भात, वरून डाळीचं पाणी, गाजर, दुधी, सगळं एका मोठ्या वाटीत. त्या चिमुकल्या वाट्या कॅमेऱ्यात दिसत नाहीत.

आणि मी काय काम केलं! सबंध वेळ एकदाही आवाज चढवला नाही. गोष्ट सांगितली, गाणं म्हटलं, हा घास काऊचा, हा चिऊचा, हा आईचा, हा बाबांचा. बिस्किट नाही, मोबाईल नाही, कार्टून नाही. मध्ये जरा कुरकुरली, पण मी डाव सोडला नाही. विक्रीत एवढंच लागतं, हसरा चेहरा आणि चिकाटी. वाटी चाटूनपुसून साफ. शेवटी मी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या. एका टेकमध्ये.

बायको सगळा वेळ समोरच्या खुर्चीवर होती. तिने तोंडातून शब्द काढला नाही. भारावली असावी.

८ एप्रिल, मंगळवार

वाटीवालीने व्हिडिओ बघितला. पूर्ण बघितला, मग मागे नेऊन परत बघितला. मग मला विचारलं, हा शनिवारच्या पालकसभेत दाखवू का? सगळ्यांना याचा फार उपयोग होईल. तुमची हरकत असेल तर नाही दाखवणार, नीट विचार करून सांगा.

विचार कसला करायचा? मी जागच्या जागी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, नक्की ना. मी पुन्हा हो म्हटलं. गिऱ्हाईकाला स्वतःच्या नशिबावर विश्वास बसत नाही तेव्हा ते असंच दोनदा विचारतं.

सायकलवाल्याचा व्हिडिओ निवडलेला नाही. जिन्यात भेटला, मी मुद्दाम थांबून सांगितलं. म्हणाला, बरं झालं, आमचा फार गोंधळाचा आहे. बिचारा. आता हेल्मेट घालून रडो.

१० एप्रिल, गुरुवार

शोरूममध्ये सगळ्यांना सांगितलं. मालकांनी शनिवारची अर्धी सुट्टी दिली आणि म्हणाले डायनिंग परत आणा. भाषण तयार केलं. विषय: नकाराचं होकारात रूपांतर. आरशासमोर म्हणून बघितलं. निळा शर्ट काढला, पोटावरचं बटण लागत नाही, धुताना आटलाय. वर कोट घालीन.

संध्याकाळी बायकोने विचारलं, तुम्ही तो व्हिडिओ बघितलात का एकदा? मी म्हटलं, काढलाय मीच, त्यात बघायचं काय. म्हणाली, जाण्याआधी बघा, माझं ऐका. मी म्हटलं, कौतुक सहन होत नसेल तर घरी थांब. ती म्हणाली, मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, समोर बसले होते आणि बोलले नाही. काय बोलायला हवं होतं ते सांगितलं नाही. हिचं हे नेहमीचंच, अर्धं बोलायचं आणि स्वयंपाकघरात जायचं.

१२ एप्रिल, शनिवार

आरोग्य केंद्राचा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक धड नाही. पंधरावीस आई-बाप. मी पहिल्या रांगेत, कोटात. ठकी बाजूच्या खोलीत इतर पोरांबरोबर.

वाटीवालीने सांगितलं, आवाज बंद ठेवणार आहे. मी उठून म्हटलं, आवाजातच खरी कला आहे. ती म्हणाली, आज फक्त मुलीकडे बघायचंय. आणि जिथे जिथे मुलगी पुरे म्हणते तिथे हात वर करायचा.

मला वाटलं, यात हात वर करायची वेळच येणार नाही. तीच तर कमाल दाखवायची असणार.

सुरुवातीला ठकी छान खात होती. स्वतः तोंड पुढे करत होती. मग तिने खिडकीकडे मान वळवली आणि हॉलमधले हात वर गेले. मी मागे वळून बघितलं. मला वाटलं कुणाला प्रश्न विचारायचाय. परत पडद्याकडे बघितलं तर तिने ओठ घट्ट मिटले होते. हात वर. चमचा उलट्या हाताने ढकलला. हात वर. वाटीवर पंजा ठेवला. हात वर. मग खाली करायचेच सोडून दिले लोकांनी. माझ्या शेजारी बायको. तिचाही हात वर होता.

गाणं ऐकू येत नव्हतं. काऊ नाही, चिऊ नाही. नुसता एक चमचा धरलेला हात, आणि एक मोठा माणूस जो सारखा हसतोय. मी तो हात ओळखत होतो, घड्याळ माझंच होतं.

पुढे पुढे ठकी मानच फिरवत नाही. माझ्या तोंडाकडे बघते, बराच वेळ, आणि तोंड उघडते. वाटीत अजून निम्मं होतं.

कुणी हसलं नाही. हसले असते तर उठून चार शब्द सुनावता आले असते. वाटीवाली म्हणाली, आपल्या सगळ्यांच्या घरात हे होतं, या बाबांनी दाखवायचं धाडस केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाषण खिशातच राहिलं. सायकलवाला बाहेर भेटला, म्हणाला, आमच्या व्हिडिओत मी पोराचं नाक दाबून भरवतोय, मी द्यायला घाबरलो. मी म्हटलं, कॅमेऱ्याचा अँगल चुकला होता. तो हो म्हणाला.

घरी आल्यावर बायको झोपलेल्या ठकीजवळ बसली. मीही बसलो. ठकी श्वास घेते, मग मध्येच थांबतो तो, मग दचकून परत सुरू होतो. हे रोज होतं म्हणे.

१३ एप्रिल, रविवार

दुपारचं जेवण. आमचं जुनं टेबल, तिघं. टीव्ही बंद. चिमुकली वाटी ठकीपुढे, चमचा तिच्या हातात. मी माझे हात मांडीखाली दाबून बसलो. गाणं नाही, गोष्ट नाही. वाटीवालीने सांगितलं म्हणून नव्हे. मला स्वतःला बघायचं होतं.

ठकीने खाल्लं. थोडं सांडलं, बाकीचं खाल्लं. मग खिडकीकडे मान वळवली आणि वाटी हळूच पुढे सारली. मला दिसलं. बायकोलाही दिसलं, तिने माझ्याकडे बघितलं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. इतकं सोपं होतं हे.

मग ठकीने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी गप्प. ती बघत राहिली. मी हसलो, तिला बरं वाटावं म्हणून.

तिने वाटी परत जवळ ओढली. चमचा भरला, तोंडात घातला, डोळे मिटून गिळला आणि माझ्याकडे बघितलं. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हणून तिने अजून एक घेतला.